जुहूचें मैदान आणि पावसाळा

मुंबईच्या हवाई टपालाचा आरंभ १५ आक्टोबर १९३२ रोजीं झाला. त्या दिवशीं जे. आर. डी. टाटा 'पुस मॉथ' विमानानें कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन जुहूस उतरले. पुढें नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें बल्लारीवरून मद्रासेस नेलें. विमानांत रेडिओ नव्हता. या धाडसाचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे; जमिनीचा विचार मात्र क्वचितच होतो. जुहूचें मैदान समुद्रालगतचें, चिखलवटीचें. पावसाळ्यांत तें पाण्याखालीं जाई. म्हणून त्या महिन्यांत विमानांचा मुक्काम पुण्यास, येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावर हले. ही निवड सोयीपुरती नसावी. पुणें सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत असून तेथील पाऊस मुंबईच्या सुमारें एक तृतीयांश आहे. मुंबईचें टपाल पुण्यास उतरे, हें आज चमत्कारिक वाटेल. परंतु वैमानिकास गांवापेक्षां कोरडी भूमि जवळची!

पुढें सांताक्रूझ येथें पक्क्या धावपट्ट्या झाल्या. तरी १ जुलै २०१९ च्या रात्रीं भर पावसांत उतरलेलें एक प्रवासी विमान मुख्य धावपट्टी ओलांडून गेलें. ती पट्टी कांहीं दिवस बंद राहिली आणि तिला छेदणाऱ्या दुसऱ्या पट्टीवरच वाहतूक चालवावी लागली.