मेंदूच्या दुखापतीनंतरची मानसशास्त्रीय तपासणी
डोक्याला मार लागल्यावर सीटी स्कॅन निर्दोष आला, तरी लक्ष, स्मरण वा नियोजनक्षमता बिघडलेली असू शकते. या क्षमता चाचण्यांतून मोजतात : शब्दांची यादी ऐकवून लगेच व अर्ध्या तासाने आठवायला लावणे, आकडे उलट्या क्रमाने म्हणवणे, आकृती काढवणे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २००४ मध्ये भारतीय मानकांचा चाचणीसंच प्रसिद्ध केला.

मात्र असा संच वापरताना, उदाहरणार्थ धुळे-जळगावात, रुग्णाची बोली अहिराणी की लेवा, शाळा किती झाली, हे आधी पाहणे अत्यावश्यक आहे. जळगावजवळच्या आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या आणि ओव्या तोंडी रचत. लिहिण्या-वाचण्यावर बेतलेली चाचणी अशा बुद्धीवर अन्यायच करील. म्हणून रुग्ण पूर्वी शेतीचा हिशेब, बाजारहाट कसा सांभाळी, हे घरच्यांना विचारतात. काही महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी.