कंडक्टरचे जिने आणि वृद्धांचा मेंदू

‘रोज चालत जा, म्हातारपणी डोके शाबूत राहील’ हा सल्ला आपण सर्वच ऐकतो. तो खरा आहे हे ठरवायचे कसे? या प्रश्नाचा गेल्या सुमारे सत्तर वर्षांचा इतिहास वर्गात सांगण्यासारखा आहे, असे आम्हाला वाटते.

सुरुवात झाली ती हृदयापासून. लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीतील सुमारे ३१,००० पुरुष कर्मचाऱ्यांची पाहणी जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली. दुमजली बसचा ड्रायव्हर दिवसभर बसून असे, तर कंडक्टर तिकिटे देताना रोज शेकडो पायऱ्या चढत असे. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. मग हा जिन्याचाच परिणाम म्हणावा काय?

मॉरिस तेथे थांबले नाहीत. १९५६ साली त्यांच्या गटाने कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली. ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली, आणि तीही तरुण वयापासूनच. म्हणजे बसून राहिल्याने माणसे स्थूल झाली, की मुळात स्थूल असलेली माणसेच ड्रायव्हर झाली?

मेंदूच्या बाबतीत हाच पेच पुढे आला. १९७५ साली अमेरिकेतील वनीन स्पर्डुसो यांनी रॅकेटचे खेळ नियमित खेळणाऱ्या वृद्धांचा प्रतिसादकाल मोजला, म्हणजे खूण दिसल्यापासून हालचाल होईपर्यंतचा वेळ. न खेळणाऱ्या समवयस्कांपेक्षा ते बरेच चपळ होते. पण खेळामुळे चपळाई टिकली, की चपळ असलेलेच त्या वयात खेळत राहिले?

हे ठरवायचे तर कोणी व्यायाम करावा हे त्या माणसाने न ठरवता चिठ्ठीने ठरवले पाहिजे. तसा एक महत्त्वाचा प्रयोग आर्थर क्रेमर यांच्या गटाने १९९९ साली प्रसिद्ध केला. बैठ्या सवयीच्या, ६० ते ७५ वर्षे वयाच्या १२४ व्यक्तींचे दोन गट केले. एक गट सहा महिने भराभर चालला, दुसऱ्याने अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. एका कामावरून दुसऱ्याकडे वळणे, नको त्याकडे दुर्लक्ष करणे अशा चाचण्यांत चालणारा गट सरस ठरला. दुसऱ्या गटाला नुसते घरी का बसवले नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. घराबाहेर पडणे आणि चार माणसांत मिसळणे यांचाही परिणाम होऊ शकतो. तो दोन्हीकडे सारखा राहावा, म्हणून.

२०११ साली कर्क एरिक्सन, क्रेमर आदींनी १२० वृद्धांवर वर्षभर असाच प्रयोग केला. स्मरणाशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग चालणाऱ्यांत सुमारे २ टक्के वाढला. दुसऱ्या गटात तो काहीसा आकसला. स्मरणाच्या चाचणीत मात्र दोन्ही गटांची प्रगती झाली. आकार वाढला म्हणजे तितकी स्मृती वाढली, असे म्हणता येत नाही.

चयापचयाचा धागाही येथे जुळतो. चालणारे स्नायू रक्तातील साखर वापरतात आणि इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागतात. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या पाहणीत मधुमेही वृद्धांना स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला (१९९९). अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ व्यक्तींवर चिठ्ठी पद्धतीनेच प्रयोग झाला (२००२). आहारात बदल, वजनात घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम यांमुळे मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. साठीच्या पुढील लोकांत तर ७१ टक्क्यांनी. अर्थात, मधुमेह टळला म्हणजे स्मृतिभ्रंशही टळला, हे या प्रयोगातून सिद्ध होत नाही.

प्रतिकूल निष्कर्षही सांगितले पाहिजेत. इंग्लंडमध्ये स्मृतिभ्रंश जडलेल्या ४९४ रुग्णांवरील प्रयोगात (२०१८) व्यायामाने शरीराची क्षमता वाढली, पण बुद्धीचा ऱ्हास मंदावला नाही. अमेरिकेतील ५८५ वृद्धांवरील प्रयोगातही (२०२२) स्मरणात अपेक्षित सुधारणा दिसली नाही.

तेव्हा आजी-आजोबांना काय सांगावे? हृदयासाठी आणि मधुमेह टाळण्यासाठी चालण्याचा पुरावा भक्कम आहे. मेंदूसाठी तो आशादायक आहे, पण अपुरा. मॉरिस स्वतः नियमित व्यायाम करीत आणि २००९ साली, वयाच्या ९९ व्या वर्षी वारले. हे उदाहरण वर्गात सांगावे आणि लगेच विचारावे, ‘यावरून काय सिद्ध होते?’ एका माणसावरून काहीच सिद्ध होत नाही, हे उत्तर मुलांकडून आले, तर या इतिहासाचा धडा त्यांना समजला असे मानावे.