लाल फुजीचं निळं कूळ

जपानी चित्रकार होकुसाईचा ‘लाल फुजी’ पाहताना नजर आधी डोंगराच्या तांबूस उतारावर जाते. पण या चित्राची कुळकथा सुरू होते निळ्या रंगापासून, आणि तीही जपानपासून फार दूर, बर्लिनमध्ये.

1706 च्या सुमारास तिथला डीसबाख नावाचा कारागीर किरमिजी रंग बनवत होता. त्यासाठी लागणारा पोटॅश त्याने डिपेल या किमयागाराकडून घेतला. प्राण्यांपासून काढलेल्या तेलामुळे तो आधीच भेसळलेला होता. लाल रंग साधलाच नाही. हाती आला तो गडद निळा. हाच ‘प्रशियन ब्लू’. पुढे डच व्यापाऱ्यांबरोबर तो नागासाकीला पोहोचला आणि तिथे ‘बेरो-आई’, म्हणजे बर्लिनची नीळ, झाला. बरीच वर्षं तो महागच राहिला. 1820 नंतरच्या दशकात चीनमधून स्वस्त माल येऊ लागला, तेव्हा कुठे तो एडोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, छापखान्यांना परवडला.

तोवर निळ्याची पंचाईतच होती. त्सुयुकुसाच्या फुलांचा निळा पाणी लागताच पसरे, उजेडात विटे. नीळ टिकाऊ, पण तिची झळाळी बेताची. 1765 पासून बहुरंगी छपाई रुळली होती, तरी बाजार होता नट आणि सुंदर स्त्रियांच्या चित्रांचा. डोंगर बहुधा त्यांच्या पाठीमागे उभा. आकाश आणि अंतर भरून काढणारा रंग मिळाला, तेव्हाच डोंगराला स्वतःचं चित्र मिळालं, असं मला ठामपणे वाटतं.

प्रकाशक निशिमुराया योहाचीने 1830-31 च्या सुमारास फुजीची छत्तीस दृश्यं काढायला घेतली; ‘लाल फुजी’ त्यांतलाच एक. होकुसाई तेव्हा सत्तरीत होता. एडोत फुजीच्या भक्तांची मंडळं होती, म्हणजे गिऱ्हाईकही तयार होतं. तरीही प्रकाशकाने जाहिरातीत मुद्दाम सांगितलं ते चित्रांच्या निळ्या छपाईबद्दल.

होकुसाईने रेखाटन केलं. पण आकाश उतरवलं ते छापणाऱ्याने. कोरलेली फळी चेरीच्या लाकडाची. तिच्यावर ब्रशने रंग लावायचा, एका कडेला ओल्या फडक्याने किंवा ब्रशने तो विरळ करत न्यायचा, वर तुतीच्या सालीचा दमट कागद ठेवायचा आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या ‘बारेन’ने पाठीमागून घासायचं. वरची गडद निळाई खाली विरत जाते ती अशी. या छटेला ‘बोकाशी’ म्हणतात. ती फळीत कोरलेली नसते. दर कागदागणिक हाताने नव्याने करावी लागते. म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रतींतलं आकाश तंतोतंत सारखं नसतं.

आपल्या ओळखीचा भडक लाल फुजीही बराचसा नंतरच्या छपाईतला. अगदी सुरुवातीच्या मोजक्या प्रतींत डोंगर फिकट गुलाबीसर आहे, आकाशाचा निळाही हलका. मला त्याच जास्त आवडतात: पहाटेचा उजेड नुकता उतारावर पोहोचल्यासारखा वाटतो. चांगल्या प्रतीत डोंगराच्या अंगावर लाकडाच्या रेषाही उमटलेल्या दिसतात.

मालिका इतकी खपली की छत्तीसवर आणखी दहा चित्रं निघाली. कधी हा संच पाहायला मिळाला, तर बाह्यरेषांकडे नीट पाहा. पहिल्या छत्तीस चित्रांच्या मूळ छपाईत त्या निळ्या आहेत; नंतरच्या दहांत काळ्या.