फोन मोजले, कॉल मोजलेच नाहीत

हा घटनाक्रम कुणा एका कंपनीचा नाही, नमुना आहे. मार्क स्पेन्सरने १९९९ मध्ये सुरू केलेलं ॲस्टेरिस्क हे टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि मग सर्व्हरही फुकटातला शोधला जातो.

सकाळी ८. सर्व्हर कोलमडायला उरले ४ तास.
ग्राहक सेवा केंद्राचे ३०० फोन सर्व्हरवर नोंदले गेलेत, सीपीयू ३ टक्के. सगळं आलबेल. खरेदीचा अंदाज सोपा होता: दहातला एक बोलेल, म्हणजे ३० कॉल. त्यासाठी अडगळीतला दोन कोअरचा संगणक आणि एक हार्डडिस्क पुरे.

९. उरले ३ तास.
आज ग्राहकांची बिल भरायची शेवटची तारीख. तासाला १८०० कॉल, सरासरी ४ मिनिटांचे. १८०० गुणिले ४, भागिले ६०: एका वेळी १२० कॉल. फोनच्या गर्दीचं गणित कोपनहेगनच्या गणितज्ञ एर्लांगने १९१७ मध्येच मांडून ठेवलं होतं. रांगेत संगीत ऐकणारा ग्राहकही सर्व्हरच्या लेखी चालू कॉलच असतो.

१०. उरले २ तास.
लाइनवरचा भार वाचवायला बाहेरचे कॉल जी.७२९ या कोडेकमध्ये, म्हणजे आवाजाच्या डिजिटल सांकेतिक रूपात येतात, टेबलावरचे फोन जी.७११ या कोडेकवर चालतात. त्यामुळे प्रत्येक कॉलचा आवाज दोन्ही दिशांनी बदलावा लागतो, एका दिशेला सेकंदाला ५० पॅकेट. सीपीयू ९५ टक्के. "हॅलो, हॅलो... तुमचा आवाज कट होतोय!"

११. उरला १ तास.
८० कॉल रेकॉर्ड होताहेत. वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे १ एमबी खाते, म्हणजे तासाला जवळपास ५ जीबी. जुन्या फायली कुणी हलवलेल्याच नाहीत. डिस्क ९८ टक्के भरली.

११:४०. उरली २० मिनिटं.
"एकदा रीस्टार्ट मारून बघू." चालू कॉल तुटले. ३०० फोन एकदम नोंदणीला धावले, आणि तुटलेले ग्राहक पुन्हा नंबर फिरवू लागले.

१२.
डिस्क १०० टक्के. डेटाबेस नवी नोंद घेत नाही, रेकॉर्डिंग बंद, आणि बिघाड शोधायला लागणारा लॉगही लिहिला जात नाही.

सर्व्हर घेताना तीनच आकडे काढा: गर्दीच्या तासाला एका वेळी किती कॉल, त्यांपैकी किती कोडेक बदलून, किती रेकॉर्ड होणार. त्यावर सढळ हाताने राखीव ठेवा. मग सिप-पी (SIPp) सारख्या मोफत साधनाने खोटे कॉल सोडून यंत्र कुठे दमतं ते बघा, आणि ही चाचणी बिलाच्या तारखेआधी करा.