शालोत्तर पाहणी, विशेष शिक्षणातील : नमुनानिवड

विशेष शिक्षण घेतलेली मुले शाळा सोडल्यावर पुढे शिकतात, नोकरीला लागतात की घरीच राहतात, हे जाणून घेण्यासाठी त्यांपैकी काहींचीच विचारपूस करून सर्वांबद्दल निष्कर्ष काढायचा असतो. त्यासाठी करायची निवड म्हणजे ही नमुनानिवड. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशी पाहणी दरवर्षी करणे राज्यांना कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे तिचे नियम आणि तिच्यातल्या पळवाटा तेथेच नीट पाहायला मिळतात.

दिव्यांग मुलांना मोफत सार्वजनिक शिक्षणाचा हक्क देणारा अमेरिकी कायदा १९७५ चा. १९९० मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले आणि २००४ च्या सुधारणेने प्रत्येक राज्यावर कामगिरी आराखडा व वार्षिक अहवाल देण्याची जबाबदारी आली. या अहवालातील चौदावा निर्देशक शालोत्तर स्थितीचा आहे. शाळा सोडताना ज्यांची वैयक्तिक शिक्षण योजना लागू होती, अशा तरुणांपैकी वर्षभरात किती जण महाविद्यालयात किमान एक सत्र पूर्ण शिकले, किती जण स्पर्धात्मक रोजगारात होते आणि किती जण इतर प्रशिक्षणात वा इतर कामात होते, हे त्यात सांगायचे असते. स्पर्धात्मक रोजगाराची मूळ व्याख्या काटेकोर आहे : किमान वेतन किंवा अधिक पगार, दिव्यांग नसलेले सहकारी, आठवड्याला किमान २० तास आणि वर्षात किमान ९० दिवस. घरचे दुकान, शेती किंवा मासेमारी यांतले काम ‘इतर रोजगार’ या सदरात जाते. शाळा सोडून वर्ष लोटल्यावर, एप्रिल ते सप्टेंबर या काळात मुलाखती होतात. २०२१-२२ या वर्षात शाळा सोडणाऱ्यांना २०२३ मध्ये फोन जातो.

नमुन्याआधी यादी लागते. या यादीत शालान्त पदविका घेऊन बाहेर पडलेले, केवळ प्रमाणपत्र मिळालेले, वयोमर्यादा ओलांडल्यामुळे बाहेर पडलेले आणि मध्येच शाळा सोडलेले असे सगळे हवेत. वार्षिक परीक्षेनंतरच्या नोंदींवरून यादी केली, तर नोव्हेंबरात यायचा थांबलेला मुलगा तिच्यात येत नाही. पुढची आकडेमोड कितीही निर्दोष असली तरी तो परत येत नाही. दुसऱ्या गावी गेला आणि तेथे शाळेत नाव घातल्याचा पत्ता नाही, अशा मुलाचे काय करायचे, हे आधी ठरवलेले नसले तर शाळा आपापल्या सोयीने ठरवतात.

राज्याला दोन वाटा खुल्या असतात : सर्वांनाच विचारायचे, किंवा केंद्र सरकारच्या विशेष शिक्षण कार्यक्रम कार्यालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार नमुना घ्यायचा. नमुना सहसा शाळा-जिल्ह्यांचा असतो. शाळा-जिल्हा म्हणजे महसुली जिल्हा नव्हे. तो एका खेड्यापुरता असू शकतो, लॉस एंजेलिसएवढा असू शकतो, आणि हवाईत तर सबंध राज्याचा मिळून एकच आहे. सरासरी ५०,००० हून अधिक विद्यार्थीसंख्या असलेला जिल्हा दरवर्षी घ्यावाच लागतो. बाकीच्यांची पाळी आराखड्याच्या सहा वर्षांच्या आवर्तनात निदान एकदा यावी लागते. प्रत्येक वर्षीच्या गटात शहरी-ग्रामीण, लहान-मोठे, गरीब-सधन जिल्हे सारख्या प्रमाणात पडले नाहीत, तर एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना फसते. राज्याचा आकडा वर गेला की पाळीतले जिल्हे बदलले, हे मग सांगता येत नाही. माझ्या मते या नियमांतली सर्वांत कमी लक्ष दिली गेलेली अडचण हीच आहे.

नमुन्याच्या आकाराचे गणित सोपे आहे. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ±५ टक्के त्रुटी धरली, तर १,००० जणांमागे २७८ उत्तरे लागतात, ५,००० मागे ३५७ आणि समष्टी कितीही मोठी असली तरी ३८५ पुरतात. उलट वर्षाला बाराच मुले बाहेर पडणाऱ्या जिल्ह्यात नमुना काढण्यात अर्थ नाही. तेथे बाराही जणांना विचारावे. स्तर पाडताना दिव्यांगत्वाचा प्रकार, लिंग, वंश आणि शाळा सोडण्याची रीत यांचा विचार होतो. कायद्यात दिव्यांगत्वाचे तेरा प्रकार आहेत, पण संख्येची विभागणी फार विषम आहे. अध्ययन अक्षमतेचे विद्यार्थी सर्वाधिक, तर बधिरांधत्वाचे एखाद्या राज्यात बोटांवर मोजण्याइतके. म्हणून ओरेगन विद्यापीठातील राष्ट्रीय शालोत्तर फलनिष्पत्ती केंद्राने राज्यांना दिलेल्या गणनसाधनात चारच गट ठेवले : अध्ययन अक्षमता, भावनिक समस्या, बौद्धिक दिव्यांगता आणि उरलेले सगळे.

येथपर्यंतचे काम कागदावरचे असते. खरी गळती फोन लावायला घेतल्यावर सुरू होते. एक काल्पनिक जिल्हा घेऊ. १,००० जणांनी शाळा सोडली. ८०० शिक्षण पूर्ण करून आणि २०० मध्येच. पहिल्या गटातले ६०० शिक्षणात किंवा कामात आहेत, दुसऱ्यातले ८०. म्हणजे खरा आकडा ६८ टक्के. आता पूर्ण केलेल्यांपैकी निम्म्यांनी फोन उचलला आणि सोडून गेलेल्यांपैकी पाचव्या हिश्शानेच. उत्तरे ४४० आली, त्यांत शिक्षणात वा कामात असलेले ३१६, म्हणजे जवळजवळ ७२ टक्के. कोणी खोटे बोलले नाही, यादी चुकली नाही, तरी जिल्हा चार गुणांनी वर दिसला. चौदाव्या निर्देशकाच्या सूत्रात भाजक उत्तर देणाऱ्यांचा असतो, शाळा सोडलेल्यांचा नसतो. त्यामुळे ज्यांचा फोन बंद आहे ते हिशेबातूनच बाहेर पडतात. सर्वांना विचारणारी राज्येही यातून सुटत नाहीत. ज्यांनी उत्तर दिले तोच त्यांचा नमुना, आणि तो त्यांनी निवडलेला नसतो.

दुरुस्ती भारांकाने करतात. वरच्या उदाहरणात शिक्षण पूर्ण केलेल्यांच्या प्रत्येक उत्तराला २ आणि सोडून गेलेल्यांच्या उत्तराला ५ भार दिला, की ६८ पुन्हा मिळतात. मात्र यामागे गृहीत असे, की सोडून गेलेल्यांपैकी बोलणारे आणि न बोलणारे सारखेच आहेत. बोलणारे जर नोकरी लागल्यामुळेच बोलत असतील, तर भारांक ती चूक पाचपट करून ठेवतो. अधिक जणांना फोन करूनही हा दोष जात नाही. २७८ उत्तरे हवीत आणि ४० टक्केच प्रतिसाद मिळतो म्हणून ६९५ जणांना गाठले, तर यादृच्छिक त्रुटी घटते. अभिनती, म्हणजे एकाच बाजूला झुकणारी चूक, जागच्या जागी राहते.

प्रातिनिधिकता तपासायची रूढ फूटपट्टी म्हणजे गटाचे यादीतले आणि उत्तर देणाऱ्यांतले प्रमाण यांतला फरक. तो ±३ टक्क्यांच्या आत असला की ठीक मानतात. फूटपट्टी सोयीची आहे, पण लहान गटांसाठी निरुपयोगी. यादीत दोन टक्के दृष्टिहीन आहेत आणि त्यांच्यापैकी एकानेही उत्तर दिले नाही, तर फरक दोनच टक्के पडतो आणि नमुना ‘प्रातिनिधिक’ ठरतो. अलीकडच्या आराखड्यात केंद्र सरकारने वंशानुसार व आणखी एका निकषानुसार तुलना आणि अप्रतिसादाच्या अभिनतीचे विश्लेषण मागायला सुरुवात केली आहे.

मध्येच सोडणारेच का हरवतात, याचे एक कारण कायद्यातच आहे. पदविका मिळवणाऱ्याला किंवा वयोमर्यादा गाठणाऱ्याला शाळेने कामगिरीचा सारांश लिहून द्यावा लागतो. त्या निमित्ताने भेट होते, घरचा आणि एखाद्या नातेवाइकाचा नंबर टिपून घेता येतो. सोडून जाणाऱ्याला असा सारांश देण्याचे बंधन नाही, म्हणून ती भेटही होत नाही. त्यातही भावनिक समस्यांच्या गटात गळतीचे प्रमाण सर्वाधिक असते. यावर उपाय साधाच : संपर्काचे तपशील शेवटच्या नव्हे तर आधीच्या वर्षांत, वार्षिक योजना-बैठकीतच घेऊन ठेवणे. ओळखीच्या शिक्षकाने फोन केल्यास उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. ‘सर, सगळं छान चाललंय’ असे उत्तर मिळण्याचीही वाढते. आईवडिलांनी मुलाच्या वतीने दिलेली उत्तरे वेगळी नोंदवावीत.

राष्ट्रीय पातळीवरच्या दीर्घकालीन अभ्यासांना ही निवड जास्त पद्धतशीरपणे करता आली. एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेने १९८० च्या दशकात सुरू केलेल्या पहिल्या अभ्यासात ८,००० हून अधिक तरुण होते, तर २००० च्या अखेरीस १३ ते १६ वर्षे वयाच्या मुलांपासून सुरू झालेल्या दुसऱ्यात ११,००० च्या वर. दोन्हींत आधी शाळा-जिल्हे व विशेष शाळा आणि मग त्यांतून दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार विद्यार्थी निवडले. दुर्मीळ प्रकारांतून मुद्दाम प्रमाणाबाहेर जास्त घेतले आणि भारांकाने तोल सावरला. विद्यार्थी शाळेत असतानाच निवडले गेल्याने सोडून जाणारेही यादीत आपोआप आले. २०१२ च्या तिसऱ्या अभ्यासात सुमारे १३,००० जणांमध्ये विशेष शिक्षण न घेणारे विद्यार्थीही घेतले, त्यामुळे तुलनेला आधार मिळाला.

भारतातील राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१८ मधील ७६ व्या फेरीत दिव्यांग व्यक्तींची पाहणी झाली, पण तिची चौकट, म्हणजे निवडीची मूळ यादी, कुटुंबांची होती. तीत घरात राहणारी दिव्यांग व्यक्ती सापडते. अमुक शाळेतून अमुक वर्षी बाहेर पडलेला गट सापडण्यासाठी शाळांच्याच नोंदींवर उभी असलेली चौकट लागते.

फोनऐवजी सरकारी नोंदी जोडण्याचा पर्याय अमेरिकेतली काही राज्ये वापरतात. बेरोजगारी विम्याच्या वेतननोंदी आणि महाविद्यालयीन प्रवेशाच्या नोंदी आधीच असतात, उत्तर देण्याची वाट पाहावी लागत नाही. पण वेतननोंदीत बहुतेक ठिकाणी तास लिहिलेले नसतात, म्हणून २० तासांची अट तपासता येत नाही. शिवाय स्वयंरोजगार, लष्कर आणि केंद्र सरकारची नोकरी त्यांत येत नाही. त्यामुळे नोंदींत न सापडलेल्यांनाच नंतर फोन करायचा, अशी मिश्र पद्धत त्यातल्या त्यात बरी पडते.