व्हिस्बीची भिंत

बाल्टिक समुद्रात शिडांच्या छोट्या आलिशान जहाजांच्या सफरी निघतात. ल्युबेक, व्हिस्बी, टॅलिन... सगळी हान्सा संघातली जुनी व्यापारी शहरं. व्हिस्बीला गेलात की जवळपास साडेतीन किलोमीटरची तटबंदी दिसते. फोटो झकास येतो म्हणा! पण ही भिंत फक्त परक्या शत्रूसाठी नव्हती. १२८८ साली शहरवाले आणि गॉटलंड बेटावरचे शेतकरी यांच्यात चक्क युद्ध झालं होतं. पुढे जुलै १३६१ मध्ये डेन्मार्कचा राजा वाल्डेमार चालून आला. शेतकरी याच भिंतीबाहेर लढले, सुमारे १८०० मेले. दरवाजे बंदच राहिले. दोन दिवसांनी शहर मुकाट्याने शरण गेलं. विसाव्या शतकात तिथल्या सामूहिक कबरी उकरल्या, तेव्हा चिलखतासकट पुरलेले सांगाडे निघाले. त्यात पोरंही होती आणि म्हातारेही.