सुप्याच्या बाजारात वह्या का जळल्या?



मागे एका गटाच्या बैठकीत वसुली चालू होती. एका ताईंचा हप्ता थकला होता. मुलाचं कंपनीतलं काम सुटलेलं, कांद्याला भाव नाही. त्या जरा चिडूनच म्हणाल्या, "मंदी आली, मंदी आली म्हणतात. ती येते तरी कुठनं? आणि बरोब्बर आमच्याच दारात कशी येते?" त्या वेळी आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण घरी जाताना वाटलं, प्रश्न खरा आहे आणि आपल्याला उत्तर देता आलं नाही. मग बी.ए.ला वाचलेलं एक प्रकरण आठवलं. पुस्तकं पुन्हा काढली. आज तेच सांगतो.

आपल्या बारामती तालुक्यात सुपे गाव आहे. त्या काळी ते भीमथडी तालुक्यात होतं. बाजाराचं गाव, त्यामुळे दुकानदार आणि सावकार बरेच. १२ मे १८७५ रोजी आजूबाजूच्या गावांतले शेतकरी तिथे जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. दुकानं लुटली, जाळपोळ झाली. पण लोकांना मुख्य हवे होते ते कागद. कर्जाची खतं आणि वह्या. त्या त्यांनी मागून घेतल्या आणि जाळल्या. जिथे सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले, तिथे बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत पोचलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

आता हे लोक एका दिवसात पेटले का? नाही. त्याची सुरुवात चौदा वर्षं आधी झाली होती, आणि तीही सातासमुद्रापार, अमेरिकेत.

इंग्लंडमध्ये लँकेशायर नावाचा भाग आहे, मँचेस्टरच्या आसपासचा. तिथे कापडाच्या गिरण्या होत्या, लाखो माणसं त्यावर जगत, त्यात बायकाही पुष्कळ. त्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागातून यायचा. तो पिकवायचे गुलाम. १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध पेटलं. मूळ वाद गुलामगिरीचाच होता. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि कापूस बाहेर पडेना. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या, कामगारांच्या घरच्या चुली विझल्या. मग गिरणीमालकांनी हिंदुस्थानकडे धाव घेतली.

आपला कापूस तिकडे 'सुरत' या नावाने ओळखला जाई, मग तो खानदेशातला असो की वऱ्हाडातला. तो आखूड धाग्याचा. यंत्रं बसवलेली होती लांब धाग्याच्या अमेरिकन कापसासाठी. त्यामुळे सूत पुन्हा पुन्हा तुटे, कामगारीण दिवसभर तुटलेले धागे सांधत बसे, आणि मजुरी मालाच्या हिशोबाने असल्यामुळे तिच्या हातात पैसे कमी पडत. कामगाराचं काम चांगलं की वाईट हे नुसतं त्याच्या अंगमेहनतीवर ठरत नाही, हाताशी माल कसला दिलाय यावरही ठरतं, हे त्या बायकांना कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती. आपल्या पापडाच्या गटालाही नाही. डाळ जुनी आली की हात कितीही चालवा, पापड फाटतोच.

त्यात भर भेसळीची. भाव चढला तशी कापसात पाणी मार, सरकी मिसळ, माती-दगड घाल, असे प्रकार वाढले. इतके, की १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातल्या फसवणुकीविरुद्ध खास कायदा करावा लागला. भेसळ करणारा शेतकरीच होता असं नाही, मधले व्यापारी, दलाल सगळेच त्यात होते. पण नाव खराब झालं ते इथल्या मालाचं. चांगल्या दिवसांत गिऱ्हाईक नाक मुरडत का होईना माल घेतं. अमेरिकन कापूस परत सुरू झाल्यावर ते आपल्याकडे थांबेल असं त्याला काही कारण उरलं नव्हतं.

पण तेव्हा एवढा विचार कोण करतंय! मुंबईत पैशाचा पूर आला होता. नव्या बँका, नव्या कंपन्या, समुद्र बुजवून जमीन काढायच्या योजना. प्रेमचंद रायचंद हे त्या काळचे सगळ्यात मोठे शेअर दलाल. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांनीच दिलेल्या पैशातून, त्यांच्या आईच्या नावाने उभा राहिला. जी कंपनी अजून उभीच राहिली नाही तिचेही शेअर चढ्या भावाने विकले जात, आणि ते घ्यायला बँका कर्ज देत.

तो पैसा मुंबईहून व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून गावच्या सावकाराकडे, सावकाराकडून शेतकऱ्याकडे आला. कापूस लावणाऱ्याला एकरी शंभर रुपयांपर्यंत आगाऊ रक्कम मिळाल्याच्या नोंदी आहेत. त्या काळचे शंभर रुपये! तिकडे वऱ्हाड-नागपूरकडे शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या अशा कथाही लोक सांगत. आम्हाला त्या जरा फुगवलेल्या वाटतात, पण दिवस कसे होते ते त्यातून कळतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. सुपे, शिरूर, इंदापूर हा भाग कापसाचा नव्हता, ज्वारी-बाजरीचा. मग इथे पैसा कुठून आला? एक तर सगळ्याच धान्याचे भाव चढले होते. दुसरं, त्याच वर्षांत बोरघाटात रेल्वेचं काम चाललं होतं, ते १८६३ मध्ये पुरं झालं. हजारो मजूर त्यावर होते. बैलगाडीवाल्यांना भाडं मिळत होतं. रोख पैसा घरात येतोय म्हटल्यावर सावकारही मागेल त्याला देत होता. कर्ज सहज मिळतंय हे त्या वेळी चांगल्या दिवसांचं लक्षण वाटलं. आपल्यालाही वाटतं, नाही का?

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. बातमी मुंबईत पोचली तसा कापसाचा भाव कोसळला. शेअरचे बरेच सौदे १ जुलै १८६५ या तारखेला मिटवायचे होते. त्या दिवशी कुणाकडेच पैसे नव्हते. मोठमोठे व्यापारी दिवाळखोर झाले, प्रेमचंद रायचंदही बुडाले, बँक ऑफ बॉम्बे गाळात गेली आणि १८६८ मध्ये तिच्या जागी नवी बँक काढावी लागली.

मुंबईतला फुगा एका दिवसात फुटला. गावात मात्र मंदी सावकाश आली. रेल्वेचं बांधकाम संपलं, मजुरी थांबली. रेल्वे सुरू झाली तसं लांबच्या गाडीवाल्याचं भाडंही गेलं. भाव हळूहळू उतरत गेले. पण दोन गोष्टी उतरल्या नाहीत, आणि आमच्या मते खरी मेख तिथेच आहे.

पहिली गोष्ट सरकारी शेतसारा. या भागात सारा तीस वर्षांसाठी ठरवला जाई. पहिली आकारणी इंदापूरकडे १८३६ च्या सुमारास झाली होती. म्हणजे तीस वर्षं भरली ती नेमकी तेजीच्या अखेरीस. सरकारने चढे भाव पाहून नवा सारा बांधला. वाढ पन्नास टक्क्यांपासून ते कुठे कुठे दुपटीपर्यंत. पीक येवो न येवो, भाव असो नसो, सारा रोखीत आणि ठरल्या तारखेला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठवला, पण गावात वसुली दारात उभी होती.

दुसरी गोष्ट कर्जाची खतं. सावकाराने नवं कर्ज देणं थांबवलं, कारण त्याला शेतकऱ्याच्या फेडण्यावर भरवसा राहिला नाही. ज्या वर्षी कर्जाची सगळ्यात जास्त गरज, त्याच वर्षी ते बंद. जुनं मात्र वाढत होतं. ते कसं, ते ऐका. १८५९ मध्ये सरकारने कायदा केला की कर्जाचं खत तीन वर्षंच चालेल. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं साठू नये हा. सावकाराने त्यातून वाट काढली. तीन वर्षं झाली की शेतकऱ्याला बोलवायचं आणि नवं खत लिहून घ्यायचं. राहिलेलं मुद्दल अधिक साठलेलं व्याज, ही सगळी रक्कम नव्या खतात मुद्दल म्हणून लिहायची. त्यावर पुन्हा व्याज. घराला नवा पैसा एक मिळाला नाही आणि कर्ज दीडपट झालं. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं. फेडीची पावती मिळत नसे. अंगठा उठवायचा आणि घरी यायचं.

आपल्याकडे जुना दामदुप्पटीचा रिवाज होता, व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही. इंग्रजी अमलात तो मोडत गेला. पुढे सरकारी आयोगाने तपासलेल्या एका प्रकरणात शंभर रुपये कर्जावर दोन हजारांच्या वर व्याज लावलेलं निघालं. आणि कोर्टात दावा लागला की शेतकरी बहुधा हजरच नसे. तालुक्याला जायचं, वकील लावायचा, तो पैसा कुठला? एकतर्फी निकाल लागे आणि जप्ती येई.

१८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावी अशीच जप्ती आली. दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर सावकाराने देशमुखांचं घर पाडायला घेतलं. गाव बिथरलं, पण आधी त्यांनी बहिष्कार टाकला. सावकाराच्या दुकानात कोणी जाईना, पाणी कोणी भरेना, न्हावी हजामत करीना. तो बहिष्कार गावोगाव पसरला. आणि पाच महिन्यांनी सुपे पेटलं.

त्या सावकारांत मारवाडी आणि गुजर जास्त होते, रोषही त्यांच्यावरच जास्त निघाला. पण गावातलेही सावकार होते, आपल्याच नात्यागोत्यातले. म्हणून ही गोष्ट जातीवर नेऊ नका. हिशोब एकाच्याच हातात असला की तो कुणीही असो, तसाच वागतो.

सरकारने पोलीस आणि फौज आणली, शेकडो लोकांना पकडलं, आयोग नेमला. आयोगाने दोष सावकारावर ठेवला, सारा वाढवल्याचा दोष सरकारने स्वतःवर घेतला नाही. तेवढ्यात १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला आणि उरलंसुरलं गेलं. १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्यात न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन खरं कर्ज किती ते तपासायचा अधिकार मिळाला. खतं गावपातळीवर नोंदवायची, पावती द्यायची, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही, असं ठरलं. कायदा चांगलाच होता. पण सावकारांनी मग गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली.

याच सुमारास विल्यम वेडरबर्न नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सुचवलं की पुरंदर तालुक्यात शेतकऱ्यांसाठी कमी व्याजाची बँक काढून पाहू. आधी जुनी कर्जं तडजोडीने मिटवायची, मग बँकेने पुढे कर्ज द्यायचं. इथल्या सरकारला ते पटलं, लंडनने नाकारलं. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला १९०४ साल उजाडलं. आपल्या बचत गटांना बँकेशी जोडायचं काम तर १९९२ चं. पुरंदरातल्या त्या बायकांच्या किती पिढ्या मध्ये गेल्या, मोजा.

या सगळ्या कागदपत्रांत बायका जवळजवळ दिसतच नाहीत. खतावर नाव पुरुषाचं, कोर्टात पुरुष, अटकेत पुरुष. आता मात्र उलटं आहे. गावात येणाऱ्या फायनान्सवाल्यांचं कर्ज बाईच्याच नावाने असतं, पैसा कुणीही वापरो.

म्हणून त्या बैठकीतल्या ताईंकडे परत येतो. त्यांच्याशी नंतर सवडीने बसलो. पहिलं कर्ज फिटायच्या आतच एका कंपनीच्या माणसाने त्यांना नवं कर्ज दिलं होतं. जुन्याची बाकी त्यातूनच वळती करून घेतली, वरून प्रक्रिया शुल्क आणि विमा कापला, आणि हातात आली ती रक्कम पाहून ताई खूश झाल्या. कार्डावर कर्ज मात्र पूर्ण रकमेचं. आम्ही दोन्ही कार्डं शेजारी ठेवली आणि आकडे मोठ्याने वाचले. ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तीन वर्षांचं खत ते हेच."

मुलाची कंपनी का बंद पडली, कांदा का पडला, ते आपल्या हातात नाही. सुप्याच्या माणसांच्याही हातात अमेरिकेतलं युद्ध नव्हतं. कागदाचं तसं नाही. म्हणून या महिन्यापासून आमच्या गटांत एक ठरवलंय. बैठकीला प्रत्येकीने आपली सगळी कर्जाची कार्डं आणायची, गटाचं, बँकेचं, फायनान्सचं. जिला वाचता येतं तिने वाचायचं: घेतलं किती, हातात आलं किती, फेडलं किती, राहिलं किती. पहिल्या बैठकीला बाराजणींपैकी चौघींचीच कार्डं आली. बाकीच्यांची नवऱ्याच्या पेटीत नाहीतर मुलाच्या मोबाईलमध्ये होती. पुढच्या मंगळवारी ती घेऊन यायला सांगितलंय.